याचीबी रेघ थरथरते

बाबांचा उजवा हात हलायला लागला तेव्हा मी दहावीत होते. सुरुवातीला फक्त चहाचा कप बशीवर वाजायचा. मग आईने त्यांना बशी द्यायचंच बंद केलं, स्टीलच्या पेल्यात अर्धाच चहा देऊ लागली, आणि त्यावर घरात कुणीच काही बोललं नाही. बाबा शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. पट्टी न लावता फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारायची, ही त्यांची ख्याती. नवीन मुलं मागून जाऊन त्या रेघेला पट्टी लावून बघायची म्हणे. तोच हात खडू धरला की करवतीसारखा चालायला लागला. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी नुसती झोप यायची. वर्षभर त्यांनी कसंबसं ओढलं, मग प्रकृतीचं कारण देऊन नोकरी सोडली आणि नागपुरातल्या महाल भागात आमच्या भाड्याच्या घराच्या छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, चित्रकलेचा वर्ग सुरू केला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला फळ्याजवळ उभं केलं. "कुंदे, तू काढ, मी सांगतो. तुलेबी प्रॅक्टिस होईन." शेवटचं वाक्य मुद्दाम सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात होतं.

तीन वर्षं मी त्यांचा हात होते. ते खुर्चीत, उजवा हात डाव्या काखेत दाबून बसलेले, मी फळ्याशी. "डोळ्यांची पातळी इथं घे. अजून खाली. थांब. आता तिकडून रेघ येऊ दे." त्यांचा आवाज आणि माझा खडू यांच्यातलं अंतर इतकं कमी झालं होतं, की वाक्य पुरं व्हायच्या आत माझी रेघ निघालेली असायची. लोक कौतुक करायचे. मला ते कौतुक आवडायचं, खोटं कशाला सांगू? पण बारावी झाल्यावर मी चित्रकला महाविद्यालयाचा फॉर्म आणला तेव्हा बाबा म्हणाले, "या वर्षी राहू दे, वर्ग आत्ताच कुठं लागून राहिला." पुढच्या वर्षी म्हणाले, "पुढच्या वर्षी पक्कं." मी बी.ए.ला नाव घातलं आणि परीक्षेपुरती कॉलेजात जाऊ लागले. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ते नाही म्हणतच नव्हते. आणि खरं कारण कोणी तोंडातून काढत नव्हतं.

उन्हाळी वर्ग सकाळी साडेसातला सुरू व्हायचा, कारण अकरानंतर नागपुरात माणूस माणसासारखा राहत नाही. छपरीत खसचा कूलर होता. त्याचा पंखा एका बाजूला घासायचा आणि तो खर्र-खर्र आवाज ओल्या खसच्या वासासकट घरभर पसरायचा. मागच्या अंगणात आईची वाळवणं सुरू असायची. ती पहाटेच गव्हाचा चीक शिजवायला घ्यायची, वर्ग भरेपर्यंत खाटेवर कुरड्यांच्या रांगा पडलेल्या असायच्या आणि कुणीतरी वर्गाच्या मधूनच उठून "काकू, चीक उरला का?" असं विचारायला आत जायचा. आई वाटीत गरम चीक, वर तेल-तिखट घालून द्यायची. आमच्या वर्गात मुलं टिकायची त्यात चित्रकलेचा वाटा किती आणि चिकाचा किती, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही.

त्या वर्गाला यथार्थदर्शन शिकवणं म्हणजे मला शिक्षाच वाटायची. दूर जाणाऱ्या समांतर रेषा जवळ येत-येत एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात, त्या ठिकाणाला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणायचं, आणि तो तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर असतो. एवढंच सांगायचं असे. सगळ्यांना पाठ व्हायचं. मग समोर काडेपेटी ठेवून काढायला सांगितलं, की वीसपैकी अठरा जणांची काडेपेटी मागच्या बाजूला फुगलेली. एक मुलगी तर माझ्याशी वाद घालायला उठली. "ताई, मागची बाजू पुढच्याएवढीच आहे. मी पट्टीनं मोजली." तिने खरंच मोजली होती. डोळ्याला दिसतं ते काढ, माहीत आहे ते काढू नकोस, हे मी रोज वीस वेळा सांगायची, आणि रोज अठरा पेट्या फुगायच्या. मी फळ्यावर सुरेख पेटी काढून दाखवायची. ते "वा" म्हणायचे आणि खाली मान घालून आपली फुगलेली पेटी पुरी करायचे.

त्यातले रामटेकेभाऊ तेवढे वेगळे. तिशी ओलांडलेले, शहराबाहेर वाडीला ट्रकच्या बॉड्या रंगवायचे काम करायचे आणि रोज सकाळी तिथून सायकल मारत यायचे. शाळकरी मुलांमध्ये मांडी घालून बसायचे आणि त्यांची अडचण अगदी नेमकी होती. ट्रकच्या मागच्या फळीवर ते डोंगर, झोपडी आणि झोपडीकडे जाणारा रस्ता काढायचे. "ताई, माही सडक झोपत नाही," ते म्हणाले. "भिंतीवानी उभी राह्यते. डायवर लोक हसतात. म्हणतात, रामटेके, तुह्या सडकेवर गाडी नाही, शिडी लागन." मी त्यांना पाच वेळा रस्ता काढून दाखवला. पाचही वेळा ते मन लावून बघत राहिले, आणि त्यांच्या कागदावरचा रस्ता उभाच राहिला.

कॉम्प्युटर घरात आणायची कल्पना माझी. हे लिहून ठेवायलाच हवं, कारण पुढे कित्येक वर्षं घरात सगळे ती विजूदादाची समजत होते आणि मी त्यांना समजू दिलं. विजूदादा माझा मोठा भाऊ, इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागलेला. त्याच्या पत्रात कधीतरी आलं, की एका मित्राकडे परदेशातून आणलेला छोटा कॉम्प्युटर आहे, टीव्हीला जोडतात, तो रेघा काढतो. मी ते वाक्य चारदा वाचलं. रेघा काढतो! मग बाबांना हात मिळेल. मग मी सुटेन. मी त्याला लिहिलं, की नवशिक्यांना यथार्थदर्शनाचा सराव देता येईल असं काही कर, बाबांना खूप मदत होईल. माझ्या सुटकेबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही.

एप्रिलच्या शेवटी तो आठ दिवसांच्या रजेवर आला तो ते यंत्र कपड्यांत गुंडाळून घेऊनच. पाटीएवढं काळं खोकं, त्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. प्रोग्राम एका कॅसेटवर होता. कॅसेट आमच्याच टेपरेकॉर्डरवर लावायची, टेपची वायर खोक्यात आणि खोक्याची टीव्हीत. पहिल्यांदा कॅसेट चालू केली तेव्हा असा काही कर्कश आवाज निघाला, की आई पिठाच्या हातांनी धावत आली. "ते मांजर काहून ओरडून राहिलं वं? शेपटीवर खुर्ची ठेवली का कोनं?"

"आई, मांजर नाही, प्रोग्राम लोड होऊन राहिला," विजूदादा म्हणाला.

"किती वेळ ओरडते?"

"सहा मिनिटं."

आईने टीव्हीकडे, मग दादाकडे पाहिलं. "रोज?"

सहा मिनिटांनी पडद्यावर एक चौकोन उमटला. चौकोनाच्या दोन कोपऱ्यांतून मागे जाणाऱ्या दोन तुटक रेघा. त्या पुढे वाढवल्या तर कुठे मिळतील, ते नुसत्या नजरेने ओळखायचं आणि त्या जागेचे दोन आकडे दाबायचे: किती आडवं, किती उभं. मग यंत्र त्या रेघा तिथपर्यंत ओढून दाखवी आणि तळाशी मधोमध दहापैकी गुण देई. अशा दहा पेट्या. "तू एक कागद दिवसातून एकदा तपासतं," दादा मला म्हणाला, "हा शंभरदा तपासन. थकणार नाही, चिडणार नाही." चिडणार नाही हे तो माझ्याकडे बघून म्हणाला.

बाबा तोवर खुर्चीत बसून होते. त्यांना हे आवडणार नाही अशी माझी खात्री होती आणि मी मनात उत्तरं तयार ठेवली होती. दादाने आकडे दाबले, तिरकी रेघ पडद्यावर सरकत गेली. त्या काळच्या पडद्यावर तिरकी रेघ सरळ येत नसे, बारीक बारीक पायऱ्यांची येई. बाबा उठले. टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतके जवळ गेले. आणि एकदम मोठ्यानं हसले. "अरे, याचीबी रेघ थरथरते गा!"

याचीबी. तीन वर्षांत त्या हाताबद्दल त्यांच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द होता. आई वळून स्वयंपाकघरात गेली. दादाच्या लक्षात आलं नाही, तो वायरी सरळ करत होता. मला मात्र राग आला. ज्या गोष्टीसाठी मी तीन वर्षं जिभेला कुलूप घातलं होतं, ती त्यांनी एका काळ्या खोक्याला हसत सांगून टाकली.

माझी भाची आता नागपूरच्या मिहान आयटी वसाहतीत नोकरी करते. ती बटण दाबते आणि न बांधलेली अख्खी इमारत पडद्यावर गरकन फिरते, खिडकीत ऊन पडतं, जिन्यावरून माणसं चालतात. मी तिला त्या उन्हाळ्याच्या गोष्टी सांगते तेव्हा ती नम्रपणे हसते. तिला कसं कळणार, की आमच्याकडे कूलर आणि कॉम्प्युटर एका वेळी चालत नसत? कूलरचा पंप सुरू झाला की विजेचा दाब पडायचा, टीव्हीतलं चित्र आकसायचं आणि यंत्राची स्मरणशक्ती जायची. मग पुन्हा कॅसेट, पुन्हा सहा मिनिटं मांजर. म्हणून कूलर बंद. छपरीत वीस मुलं, टीव्हीसमोर रांग, सकाळी नऊलाच पाठीवरून घामाच्या धारा. दादा सगळ्या सूचना वहीत लिहून देऊन पुण्याला परत गेला आणि ते यंत्र माझ्या गळ्यात पडलं. कॅसेटचा आवाज किती ठेवायचा, वायर कशी दाबून धरायची, टेप अडकली तर पेन्सिलीने कशी गुंडाळायची. मी फळ्यावरून सुटले आणि टीव्हीमागे अडकले.

आणि मुलं? मुलांना गुण हवे होते. चार दिवसांत त्यांना कळलं, की या प्रोग्राममध्ये डोळ्यांची पातळी कायम एकच असते. उभा आकडा नेहमी अठ्ठ्याऐंशी. मग पेटीकडे कोण बघतो! "अठ्ठ्याऐंशी दाब गा, अठ्ठ्याऐंशी!" असा मागून पुकारा व्हायचा. आडव्या आकड्याच्याही तीनच जागा होत्या, त्याही पाठ झाल्या. दहापैकी दहा. पट्टी लावणारी ती मुलगी तर डोळे मिटून दहा मिळवून दाखवायची. मी एक दिवस टीव्ही बंद करून त्यांच्यासमोर काडेपेटी ठेवली. वीसपैकी अठरा पेट्या मागून फुगलेल्या. मी ते कागद हातात घेऊन मागच्या अंगणात गेले आणि कुरड्यांच्या खाटेशी उभी राहून रडले. आईने विचारलं, "काय झालं वं?" मी म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी." तिने मला कावळे हाकायची काठी दिली.

पातळी बदलती ठेव म्हणून मी दादाला पत्र लिहिलं. उत्तर यायला पंधरा दिवस लागले. त्यात कुठल्या ओळीत काय बदलायचं ते लिहिलं होतं. मी एका दुपारी बसून ते बदललं. एक चिन्ह चुकलं असावं; पेटी पडद्यावर यायच्या ऐवजी नुसता काळा पडदा येऊन थांबला. ते चिन्ह शोधण्यात माझे नवतप्याचे, उन्हाळ्यातल्या सगळ्यात जळत्या नऊ दिवसांतले, तीन दिवस गेले. शेवटी जुनीच कॅसेट लावली आणि पुन्हा अठ्ठ्याऐंशी सुरू झालं. कपाटात माझा तिसरा फॉर्म कोरा पडून होता.

बाबांना यातलं काही खुपत नव्हतं. त्यांना ते खोकं आवडलं होतं. मुलं गेली की ते टीव्हीसमोर बसायचे, मला आकडे सांगायचे आणि मी दाबायची. आवाज आणि हात, तेच पुन्हा. पण मे संपता-संपता त्यांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी पालकांना बोलवायचं आणि त्या दिवशी हे सगळं ते स्वतः चालवून दाखवणार.

"बाबा, मी दाबते ना बटणं," मी हळूच म्हणाले.

"काहून? चार आकडे तं दाबायचे आहे. रेघ थोडीच मारायची आहे?"

त्या रविवारी छपरीत पाय ठेवायला जागा नव्हती. आया पदरानं वारा घेत होत्या. बाबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. ते छान बोलले, खरंच छान बोलले. डोळ्यांची पातळी म्हणजे काय हे एका आजीला त्यांनी तिच्याच बसण्या-उठण्यावरून समजावलं. मग यंत्राकडे वळले. त्या बटणांची एक खोड होती: बोट जरा टेकून राहिलं की तोच आकडा पुन्हा पुन्हा उमटे. बाबांनी आठ दाबला. पडद्यावर आठ उमटला, मग आणखी एक आठ, मग तिसरा, चौथा. त्यांनी बोट उचललं, पुन्हा टेकवलं, ते बटणावर धडधडत राहिलं. पडद्याची ओळ आठांनी भरली. मागे कुणीतरी खुदकन हसलं. त्यांनी सगळं पुसलं आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून पुन्हा दाबलं. आता दोन्ही हात हलत होते. यंत्राने रेघ ओढायला घेतली, ती पडद्याबाहेर गेली, इंग्रजीत काहीतरी उमटलं आणि सगळं थांबलं. मुलं मोकळेपणी हसली. मुलंच ती.

मी खाली बसून बटणांकडे हात नेला. इतक्या वर्षांची सवय, मी विचारसुद्धा केला नाही.

"हात काढ," बाबा म्हणाले. इतक्या हळू आणि इतक्या कडवटपणे, की मी हात भाजल्यासारखा मागे घेतला.

तेव्हा मागून रामटेकेभाऊ उभे राहिले. "मास्तर, राग नोका मानू. तुमचा हात हलते हे आमाले पयल्या दिवसापासून मालूम आहे."

मला वाटलं, आता बाबा उठून आत जातील.

"आमच्या लाइनीत निम्म्या बुढ्या पेंटरांचे हात हलतात," रामटेकेभाऊ साधेपणाने पुढे म्हणाले. "ते बाजूले खुर्ची टाकून बसतात अन् जो नवीन कारीगर असन त्याच्या हाती ब्रश देऊन सांगतात. इकडून घे, तिकडून घे. तो चुकते, शिव्या खाते, मंग शिकते. आता इथं काय होऊन राहिलं, का ताई काढते. ताईचा हात भलता मस्त आहे. आम्ही पाह्यतच राहतो. पण सडक माह्या हाताले काढता आली पाह्यजे ना, मास्तर?"

बाबा उठले आणि आत गेलेच. पालक चपला शोधत निघून गेले. वर्ग दोन दिवस बंद राहिला.

ते दोन दिवस घरात नुसता कूलर खरखरत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने गोळाभात, डाळीचे गोळे घातलेला भात, केला होता, बाबांना आवडतो म्हणून. ते ताटावर बसले आणि चिंचेचं सार वाढता-वाढता मी, कसलंही कारण नसताना, बोलायला लागले. म्हणाले, फॉर्मचा शेवटचा दिवस परवा आहे. दोन वर्षं मी थांबले, तिसऱ्या वर्षी थांबणार नाही. तुमचा हात हलतो हे सगळ्या गावाला माहीत आहे, आपणच तिघं लपवत बसलो. माझा आवाज चढत गेला. "अन् मी वर्गात काढून काही उपयोगबी नाही झाला. कोनालेच काही आलं नाही. एवढे दिवस मी काय करून राहिली मग?"

बाबांनी चमचा खाली ठेवला. हात मांडीवर हलत होता, त्यांनी तो दाबला नाही. "मले वाटलं," ते म्हणाले, "तुले आवडते."

"कधी विचारलं का तुम्ही?"

"तू बी कधी सांगितलं का?"

आई एवढंच म्हणाली, "भात थंडा होऊन राहिला." आणि आम्ही दोघं जेवलो. मला वाटायचं, खरं बोललं की मोकळं वाटत असेल. तसं काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी वर्ग भरला. बाबांनी खुर्ची फळ्याजवळून उचलून मुलांच्या मागे टाकली. रामटेकेभाऊंना फळ्याशी उभं केलं. "डोळ्यांची पातळी कुठं घेतं?" रामटेकेभाऊंनी वर बोट दाखवलं. "म्हणजे तू झाडावर चढून सडक पाह्यून राहिला का?" सगळे हसले, तेही हसले, बोट खाली आलं. "आता सडकेच्या दोन कडा. जाऊ दे. जाऊ दे. कुठं मिळन ते आधी सांग, मंग मार." रेघ वाकडी गेली, पुसली, पुन्हा गेली. मी मागे भिंतीला टेकून बसले होते आणि माझी बोटं शिवशिवत होती. दोन सेकंदांचं काम तो माणूस वीस मिनिटं करत होता. पण विसाव्या मिनिटाला फळ्यावरची सडक झोपली. आडवी, दूर जाणारी, झोपडीपर्यंत पोचणारी. रामटेकेभाऊ खडूने माखलेल्या हातांनी मागे सरकून बघत राहिले. मग बाबांनी एकेकाला उठवलं. यंत्रही बाबांनी टाकून दिलं नाही. पडद्यावर गुण उमटायची जागा त्यांनी कागदाची पट्टी डिंकाने चिकटवून झाकली आणि नियम केला, की पेटी आधी कागदावर काढायची, मग त्यावरून यंत्राला आकडे सांगायचे आणि यंत्राची रेघ आपल्या रेघेशी ताडून बघायची. गुण दिसेनात तेव्हा मुलांना पेटीकडे बघावं लागलं. आईची तक्रार एवढीच, की संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाईची हनुवटी दिसत नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. हे तीन वर्षांपूर्वी करता आलं असतं, एवढंच राहून-राहून डोक्यात येत होतं. एक खुर्ची उचलून मागे ठेवायची होती. त्यांना सुचलं नाही, आणि मलाही सुचलं नाही, कारण फळ्याशी उभं राहून वाहवा घेणारी मीच होते. आज इतक्या वर्षांनी लिहिताना त्यांच्यावरचा राग उरलेला नाही; स्वतःवरचा थोडा अजून आहे.

फॉर्म मी शेवटच्या दिवशी भरला. प्रवेश परीक्षेत स्मरणचित्र होतं. विषय फळ्यावर लिहिला: रेल्वे स्टेशनवरच्या पुलाचा जिना. जिना! यथार्थदर्शनात मला कोण हरवणार होतं? मी पेन्सिल उचलली आणि कागदावर टेकवून थांबले. कुठून घ्यायची पातळी? मी वाट बघत होते. खरंच सांगते, मी वाट बघत होते, कुणीतरी "इथं घे, अजून खाली, थांब" म्हणेल याची. आजूबाजूला पेन्सिली खरखरत होत्या आणि माझा कागद पांढरा. रेघ कशी मारायची ते माझ्या हाताला येत होतं, पण बघणारा कुठे उभा आहे हे ठरवायची वेळ माझ्यावर आजवर एकदाही आली नव्हती. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. त्या पुलावर मी लहानपणापासून शंभरदा चढले-उतरले होते आणि आता एक पायरी डोळ्यांसमोर येईना. मग आठवलं, की दादाला पुण्याच्या गाडीत बसवून परत येताना मी पुलावर सगळ्यात वरच्या पायरीशी जरा थांबले होते. खाली हमालांची लाल मुंडाशी, बिछान्याच्या वळकट्या, आणि पायऱ्या खाली-खाली अरुंद होत गेलेल्या. अवघड कोन होता. असा मी कधीच काढला नव्हता. मी पातळी कागदाच्या अगदी वरच्या कडेला घेतली आणि खाली उतरायला लागले. वेळ संपला तेव्हा निम्म्या पायऱ्या कच्च्या होत्या आणि एक हमाल हवेत तरंगत होता.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षा यादीत होतं, शेवटून दुसरं. कोणीतरी आलं नाही, कोणीतरी दुसरीकडे गेलं, आणि ऑगस्टमध्ये मला जागा मिळाली. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा छपरीत मुलांच्या मागे बसलेले होते. त्यांनी वर्ग थांबवला नाही, नुसती मान वळवली.

"काय होतं स्मरणचित्र?"

"पुलाचा जिना."

"कुठून पाह्यला?"

"वरून."

"वरून?" त्यांच्या कपाळावर आठी पडली. "जिना कोनी वरून घेते का? मी असतो तं खालून घेतला असता. खालून कसा उठून दिसते!"

"हाव," मी म्हणाले. "तुम्ही खालूनच घेतला असता."

ते फळ्याशी उभ्या असलेल्या मुलीकडे वळले आणि नेहमीपेक्षा जरा जोरातच ओरडले, "थांबली काहून वं? मार रेघ!"